केसलबर्गचा घाट आणि चार टायर

म्युनिकला उतरलो तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. बर्फाचा कुठे पत्ता नव्हता. आकाश राखाडी, रस्ता ओलसर, आणि हवेत आपल्या महाबळेश्वरलाही कधी न जाणवलेला गारवा. विमानतळावर भाचा घ्यायला आला होता, तो त्याची नवी गाडी घेऊन. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी. बीएमडब्ल्यूची एम240आय, 2017 सालची, दोन दारांची, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 340 हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. चिपळूणला शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर गाड्यांची चित्रं काढणारा हा मुलगा. नोकरीच्या सहाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये त्याने ती हौस पुरी केली होती. आम्हाला मागे-पुढे बसवून, बॅगा कशाबशा कोंबून तो निघाला.

शहरात शिरल्यावर एका सिग्नलला गाडी थांबली. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान 2 अंश दाखवत होतं. सिग्नल हिरवा झाला, भाच्याने डावीकडे वळताना पाय जरासा जास्त दाबला असेल नसेल, आणि गाडीचा मागचा भाग कमरेतून लचकल्यासारखा बाहेर गेला. दिवे लुकलुकले, गाडीतल्या यंत्रणेने स्वतःच ताकद कमी केली आणि आम्ही पुन्हा सरळ झालो. सगळा मामला दोन सेकंदांचा. भाचा हसला, पण त्याचे कान लाल झालेले आम्ही पाहिले. आमच्या तोंडून आपसूक कलमा निघाला होता.

घरी पोहोचल्यावर ही गोष्ट आम्ही बोलून गेलो. बोलायला नको होती, असं तेव्हा वाटलं. आमची भाचेसून इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. सकाळची पाळी असली की पहाटे पाचला तीच ही गाडी घेऊन निघते. तिने सगळं ऐकून घेतलं, कपभर चहा आमच्यापुढे ठेवला, खाली गेली आणि गाडीतली मुलीची सीट काढून तळघरात ठेवून आली. “हिवाळ्याचे टायर लागेपर्यंत माझी मुलगी या गाडीत बसणार नाही,” एवढंच म्हणाली.

आम्हाला आधी समजेना की बर्फच नाही तर हिवाळ्याच्या टायरचं एवढं काय. टायर तर चांगले जाड होते, नक्षी शाबूत होती. आपल्याकडे टायर बदलायचा तो गोटा झाल्यावर. पण हिवाळी टायरचा प्रश्न बर्फाच्या आधीच सुरू होतो, हे पुढच्या दहा दिवसांत कळलं.

टायरचं रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायर, त्यातही दमदार गाडीला लावतात ते, तापलेल्या डांबरावर पकड घ्यावी म्हणून बनवलेले असतात. साधारण 7 अंशांच्या खाली पारा गेला की त्यांची लवचीकता कमी होऊ लागते आणि चाक रस्त्याला धरण्याऐवजी रस्त्यावरून निसटू पाहतं. 7 हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, पण इथल्या लोकांनी तो मनात पक्का धरलाय. शर्यतीच्या धर्तीवर बनवलेले काही टायर तर शून्याखाली गाडी हलवली तरी तडकू शकतात. बनवणारेच तशी सूचना देतात. हिवाळी टायरच्या रबरात मिश्रण वेगळं असतं, सिलिका जास्त, त्यामुळे थंडीतही ते मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, त्यांत बर्फ भरतो आणि तो बर्फ खालच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फाइतकं दुसरं काही चिकटत नाही. पोरं बर्फाचे गोळे वळतात ते उगाच नाही.

म्हणून जर्मनीत एक सुटसुटीत म्हण आहे, ओ ते ओ. ऑक्टोबरपासून ऑस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर. कायद्यात मात्र अशी तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, दहिवर किंवा काचेसारखा थर असेल तर योग्य टायरशिवाय गाडी चालवायची नाही, नाहीतर 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक गुण. गाडी उभी ठेवली तर काहीच नाही. भाच्याने नेमकं हेच धरलं. “बर्फ पडला की गाडी काढणार नाही, मामू. इथे ट्रेन आहेत.”

या म्हणण्यात तथ्य होतं. म्युनिकच्या ट्रेन, ट्राम, बस उत्तम आहेत, आणि बर्फात गाडी न काढणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित हिवाळी टायर आहे, असं आमचं आजही मत आहे. पण पहाटे पाचला निघणाऱ्या भाचेसुनेचं काय? आदल्या रात्री कोरडा असलेला रस्ता पहाटे पांढरा होतो. ती घरातून निघते तेव्हा पहिली ट्रेनही तिला वेळेत पोहोचवत नाही.

खरं कारण पैशाचं होतं, आणि ते भाच्याने आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं. जानेवारीत त्याच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या भाचीचं चिपळूणला लग्न. तिघांची तिकिटं, लग्नाला हातभार, आणि ऑगस्टमध्ये गाडीत गुंतलेली बचत. हौस करताना त्याने किंमत पाहिली होती, हौसेचा हिवाळा पाहिला नव्हता. आम्ही त्याला रागावलो नाही. आम्हीही तरुणपणी हप्त्याने मोटारसायकल घेऊन पावसाळ्यात रेनकोटाला पैसे उरले नाहीत म्हणून भिजलो आहोत.

मग त्याने तोडगा काढला. कुणीतरी रिमसकट वापरलेले चार हिवाळी टायर 250 युरोंना विकत होतं. मापं बसत होती, नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक होती, बाजूला एम आणि एस ही अक्षरं होती, म्हणजे चिखल आणि बर्फ. आम्हालाही सौदा चांगला वाटला. घेण्याआधी फक्त एकदा दाखवून घेऊ म्हणून शहराच्या कडेला, गोदामांच्या वस्तीत एका तुर्की दुकानदाराकडे गेलो.

दुकान म्हणजे आपल्याकडच्या पंक्चरवाल्याचंच मोठं भावंडं. तेच रबराचा वास, तोच कॉम्प्रेसरचा धडधडाट, भिंतीवर काबाशरीफचा फोटो. साठीचा माणूस, हात काळे. आमचा सलाम ऐकून त्याने हात पुसले आणि चहा मागवला. भाच्याने मोबाइलवर टायरचे फोटो दाखवले. त्याने चश्मा कपाळावरून खाली घेतला, एक फोटो मोठा केला आणि बाजूवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं: 3616. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर 2016 सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. आठ वर्षांचं रबर. नक्षी पाच मिलिमीटर असली तरी मऊपणा गेलेला. मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली, किंवा दाखवली नाही म्हणा. डोंगराची तीन शिखरं आणि त्यात बर्फाची पाकळी, असं एक चिन्ह असतं, ते त्या टायरवर नव्हतंच. एम आणि एस ही अक्षरं बनवणारा स्वतःच्या मनाने घालू शकतो. डोंगर-पाकळीचं चिन्ह बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरल्याशिवाय मिळत नाही. जुन्या एम-एस टायरना जर्मनीने सवलत दिली होती, ती 30 सप्टेंबर 2024 ला संपली. आता ते घालून बर्फात निघणं म्हणजे कायद्याने उन्हाळी टायर घालून निघणंच.

भाचा इंजिनिअर आहे. गप्प बसला.

नंतरचा दीड तास त्या दुकानात जे बोलणं झालं ते आम्ही दोघे बाजूला बसून ऐकत होतो. भाचा अधूनमधून मराठीत सांगत होता. मुद्दा पहिला रुंदीचा निघाला. गाडीला पुढे 225 आणि मागे 245 मिलिमीटर रुंदीचे उन्हाळी टायर होते. भाच्याला हिवाळ्यातही मागे रुंदच हवे होते. रुंद टायरने गाडी मागून भरीव दिसते, आणि 340 हॉर्सपॉवर रस्त्यावर उतरवायची तर टायर रुंद हवा, हे कोरड्या रस्त्यावर खरंही आहे. दुकानदाराने टेबलावर सांडलेल्या साखरेतून आधी चमचा सपाट फिरवला, मग उभा. सपाट चमचा साखरेवर तरंगला, उभा खाली टेबलाला जाऊन लागला. चिखलबर्फात अरुंद टायर असाच खालपर्यंत जातो. गाडीच्या कागदांवर चालणारी मापं लिहिलेली असतात. त्यात चारही चाकांना 225/40, 18 इंची रिम हे हिवाळ्यासाठी होतं. चारही सारखे घेतले की आणखी एक फायदा: मागची चाकं लवकर झिजतात, तेव्हा पुढचे मागे घालता येतात. 17 इंची रिम घेतली तर रबराची जाडी वाढते, खड्ड्यात रिम वाचते, टायर स्वस्तही पडतो. पण दमदार गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, लहान रिम कधीकधी त्यांच्यावर बसतच नाही. म्हणून आधी कागद, मग माप, मग किंमत.

दुसरा वाद सगळ्या ऋतूंच्या टायरचा. वर्षभर एकच संच, बदलाबदलीची कटकट नाही, आणि डोंगर-पाकळीचं चिन्ह असेल तर कायद्यालाही चालतं. भाच्याला तो मध्यममार्ग पटू लागला होता. दुकानदार म्हणाला, बायकोच्या लहान गाडीला, शहरात फिरायला मीही तेच लावतो. पण या गाडीला लावलंस तर जुलैत मोटरवेवर ब्रेक दाबताना तुला त्याची आठवण येईल आणि जानेवारीत घाटातही. आम्हाला हे पटलं. जिची ताकद जास्त तिच्याकडून दोन्ही टोकांना जास्त मागितलं जातं. मधला टायर दोन्हीकडे थोडा-थोडा कमी पडतो. साधी गाडी असती तर आम्हीच म्हटलं असतं की तेच घे.

मग वेगाचं अक्षर. टायरच्या मापानंतर एक अक्षर असतं: एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे 240, डब्ल्यू म्हणजे 270. ही गाडी 250 पर्यंत जाते. उन्हाळी टायर तिच्या वेगाला पुरणाराच लागतो, हिवाळी टायरला मात्र जर्मनीत सूट आहे. कमी अक्षराचा घ्या, पण ड्रायव्हरच्या नजरेसमोर तेवढ्या वेगाचा स्टिकर लावा. भाच्याने व्ही घेतला आणि डॅशबोर्डवर 240 चा स्टिकर लावला. आम्ही विचारलं, दुकानात 120 चा मिळतो का. दुकानदाराला भाषांतराची गरज पडली नाही, आकडा ऐकूनच तो हसला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो टायरचा स्वभाव ठरवण्यात. हिवाळी टायरही एका जातीचे नसतात. काही दमदार गाड्यांसाठीचे: बाजू ताठ, कोरड्या आणि ओल्या थंड रस्त्यावर ब्रेक छान लागतात, वळणावर गाडी डुलत नाही, पण खोल बर्फात जरा कमी. काही डोंगरासाठीचे: जास्त मऊ, चिरा जास्त, बर्फात मांजरासारखे, पण मोटरवेवर थोडे गुळगुळीत वाटणारे. म्युनिकच्या हिवाळ्यात बहुतेक दिवस रस्ता मीठ टाकलेला, ओला किंवा कोरडा असतो. खरा बर्फ थोडे दिवस. मग निवड बहुतेक दिवसांसाठी करायची की थोड्या दिवसांसाठी? भाच्याचं मन पहिल्याकडे, भाचेसुनेचं फोनवरून ठामपणे दुसऱ्याकडे. एडीएसी ही इथली मोटार चालकांची मोठी संस्था दर हिवाळ्याआधी टायरच्या चाचण्यांचे निकाल छापते. दोघांनी ते समोर ठेवले आणि ओल्या रस्त्यावर, कोरड्या रस्त्यावर आणि बर्फावर, तिन्हीकडे बरे गुण असलेला, कुठेच पहिला न आलेला टायर घेतला. एका गोष्टीत अव्वल आणि दुसरीत नापास असा टायर घेऊ नये, हे आमच्या डोक्यात तेव्हापासून बसलंय. दुकानातल्या टायरवर चिकटवलेलं युरोपचं रंगीत लेबल इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज सांगतं. बर्फासाठी त्यावर फक्त चिन्ह असतं, बर्फावर किती चांगला ते नसतं.

चार टायर, वापरलेल्या पण सरळ अशा चार रिम, हवेचा दाब सांगणारे सेन्सर, बसवणं आणि बॅलन्सिंग धरून हिशोब 1,200 युरोंवर गेला. रुपयांत लाखाच्या वर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाखाचे टायर! भाच्याने खिसे चाचपल्यासारखं केलं. शेवटी त्यातला काही भाग आम्ही दिला, लग्नाचा आहेर आधीच समज म्हणून. त्याला ते आवडलं नाही. भाचेसुनेने मात्र बिनसंकोच घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिचं घेणंच आम्हाला बरं वाटलं. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावं, ही शिकवण आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. बांधायचा दोर एवढा महाग असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

काढलेले उन्हाळी टायर ठेवायला इथे टायरांचं हॉटेल असतं. खरंच तसंच म्हणतात. दुकानदार भाडं घेऊन वसंतापर्यंत सांभाळतो. भाच्याने ते भाडं वाचवलं आणि चारही चाकं तळघरात नेली. मुलीची सीट तिथून वर आली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला, आणि एका शुक्रवारी भाच्याने रजा घेतली. भाचेसून पाळीवर. आम्ही दोघे, तो आणि मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली चार वर्षांची नात. थर्मासमध्ये चहा, डब्यात खिमा आणि रोटी. सकाळी पारा उणे 4.

म्युनिकहून दक्षिणेकडे, आल्प्सच्या दिशेने 50 किलोमीटरवर पेन्झबर्ग हे गाव आहे. एके काळी कोळशाच्या खाणीचं गाव. खाण 1966 साली बंद पडली. इथे जुम्मा पढायचा आमचा बेत होता. पेन्झबर्गची मशीद 2005 साली उघडली, तिचा वास्तुकार आलेन यासारेविच, खर्चाचा मोठा भाग शारजाच्या अमिरांनी दिला. घुमट नाही. साधी, फिकट दगडाची, काटकोनी इमारत. दाराशी काँक्रीटचे दोन उभे पाखे, दार उघडून ठेवल्यासारखे, त्यांवर अरबी आणि जर्मन भाषेतला मजकूर. मिनार पोलादी पत्र्यांचा आणि त्या पत्र्यांत अजानचे शब्द कोरून आरपार काढलेले. मिनारावरून आवाज येत नाही, शब्दांतून आकाश दिसतं. आत किब्ल्याची भिंत निळ्या काचेची. बर्फावरून परतलेला उजेड तिच्यातून येत होता. आम्ही कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो. खुतबा जर्मनमध्येही झाला. शेजारी तुर्की, बोस्नियाई, अरब, जर्मन आणि कोकणातले आम्ही.

वजूची काळजी होती ती चामड्याच्या मोज्यांनी मिटवली. म्युनिकला आमचा मुक्काम महिनाभराचा, म्हणजे आम्ही मुकीमच, त्यामुळे मसह एका दिवस-रात्रीपुरता. थंड देशात जाणाऱ्यांनी हे मोजे बॅगेत जरूर ठेवावेत. दिवसही इथे डिसेंबरमध्ये टीचभर: सूर्य आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. आम्ही शाफई असल्याने असर दोनच्या सुमारासच लागते. ती आम्ही कोखेल गावात तळ्याकाठी पढलो. गाडीजवळ परतलो तर भाचा पाना घेऊन चाकांचे बोल्ट तपासत बसलेला. नवी चाकं बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर ते एकदा आवळून घ्यायचे असतात, ते त्याने तेव्हाच केलं होतं. आज घाटाआधी पुन्हा. हवाही सकाळी थंड टायरवर पाहिली होती, कारण पारा दहा अंश उतरला की दाब साधारण 0.1 बारने उतरतो.

कोखेलहून केसलबर्गचा घाट लागतो. खाली कोखेलचं तळं समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर, वर वाल्खेनझे तळं 800 मीटरवर. मधल्या दोनशे मीटरच्या उतारावर 1924 पासून वीज तयार होते. आमचं पोफळीचं वीजघर आठवलं. खिंड 858 मीटरवर. इथला पहिला रस्ता 1492 साली केला गेला. 1905 ते 1935 या काळात या वळणांवर मोटारींच्या चढाईच्या शर्यती होत. उन्हाळ्यात आजही हौशी लोक गाड्या, मोटारसायकली घेऊन इथेच येतात. भाच्याचाही ऑगस्टमधला पहिला फेरफटका इथलाच होता.

पहिली वळणं सोपी गेली. रस्ता नांगरून घेतलेला, वर बारीक दाबलेला बर्फ. भाच्याने गाडीचा स्पोर्ट मोड बंद ठेवला होता आणि पाय असा ठेवत होता की जणू पेडलवर अंडं आहे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच ब्रेक, वळणात ना ब्रेक ना गॅस, बाहेर पडताना अलगद. पुढच्या गाडीपासून तिप्पट अंतर. आमची गाडी शांतपणे चढत होती. नात गाणं म्हणत होती.

चौथ्या की पाचव्या वळणावर एक गाडी आडवी उभी होती. आमच्यापेक्षा बुटकी, रुंद, महागडी. मागची चाकं फिरत होती, गाडी इंचभर पुढे सरकत नव्हती, आणि चाकांखालचा बर्फ घासून घासून आरसा झाला होता. आत एक तरुण जोडपं. भाचा उतरला, आम्हीही उतरलो. चाकांकडे पाहिलं. खांदे गुळगुळीत, चिरा नाहीत, डोंगर नाही, पाकळी नाही. तो तरुण पुन्हा पुन्हा गॅस देत होता आणि भाचा त्याला हाताने “बस, बस” म्हणत होता. रस्त्याच्या कडेला खडीची पेटी होती. तिच्यातली खडी चाकांखाली पसरली, तिघांनी ढकललं आणि गाडी हळूहळू मागे, कडेला घेतली. पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने मदतीसाठी फोन लावला. मुलगी थंडीने कुडकुडत होती, तिला आमच्या थर्मासमधला चहा दिला.

परत बसल्यावर भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामू, महिन्यापूर्वी मी आलो असतो तर हाच.” आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इंजिन कितीही हॉर्सपॉवरचं असो, गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. त्या तरुणाचे चार तळहात रिकामे होते.

पण आमचेही काही भरलेले नव्हते, हे वर गेल्यावर कळलं. वाल्खेनझेच्या काठी मोकळी पार्किंगची जागा होती. एकही गाडी नव्हती. भाच्याने ताशी 30 च्या वेगाने ताज्या बर्फावर जोरात ब्रेक मारला आणि आम्ही पावलं मोजली: सोळा. मग सावलीच्या बाजूला, जिथे बर्फ वितळून पुन्हा गोठलेला होता, तिथे तोच वेग, तोच ब्रेक. गाडी निघाली ती सरकतच राहिली. पस्तीस पावलं. हिवाळी टायर काचेसारख्या बर्फावर चमत्कार करत नाही. तिथे साखळ्या लागतात, आणि निळ्या गोल पाटीवर साखळीचं चित्र असेल तर लावाव्याच लागतात, त्या चालत्या चाकांना, म्हणजे या गाडीत मागच्या. रुंद टायरला आतल्या बाजूला साखळीपुरती जागाच राहत नाही, हेही अरुंद घेण्याचं एक कारण. साखळी कोणत्या मापाला चालते ते गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावं. नातीला ती घसरण फार आवडली. “पुन्हा!” म्हणाली. पुन्हा केली नाही.

मगरिब तळ्याकाठीच पढलो. पाणी काळं, डोंगर निळे, आवाज म्हणून कसलाच नाही. उतरताना भाच्याने खालचा गिअर धरला आणि अंधारात चालत्या माणसाच्या वेगाने वळणं घेतली. ती बुटकी गाडी अजून तिथेच होती, आता तिच्यापुढे पिवळा टोइंग ट्रक लुकलुकत होता.

याच निमित्ताने दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी. विलायतेत आपल्या कोकणी मुसलमानांची कितीतरी घरं आहेत. ब्रिटनमध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही, त्यामुळे तिथून गाडी घेऊन सुट्टीत आल्प्सकडे जाणाऱ्यांनी डोंगर-पाकळी पाहूनच निघावं. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल नियम लागू असतो आणि चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असेल तर हिवाळी टायरही हिवाळी धरत नाहीत. मोजायला दोन युरोंचं नाणं खाचेत उभं घालावं. त्याची चंदेरी कड साधारण चार मिलिमीटरची असते. ती दिसेनाशी झाली तर ठीक. भाड्याने गाडी घेणार असाल तर कागदावर सही करण्याआधी चाकाजवळ खाली बसा.

घरी पोहोचलो तेव्हा भाचेसून पाळीवरून आलेली होती. नात झोपलेली. तिने तिला उचललं, मग वाकून मागच्या टायरवर हात फिरवला आणि हाताला आलेलं मीठ पुसत म्हणाली, “उद्या धुवा गाडी, नाहीतर गंजेल.”

जानेवारीत लग्न झालं, अलहमदुलिल्लाह, छान झालं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही आमच्या जुन्या वॅगनआरजवळ खाली बसलो. कुंभार्लीचा घाट आम्ही तिच्यातूनच चढतो-उतरतो, पहिल्या पावसात तेल वर आलेल्या रस्त्यावरूनही. नक्षी ठीक होती. बाजूचे चार आकडे मातीखाली होते, ओल्या फडक्याने पुसले. तीन टायर 2021 चे निघाले. मागच्या डाव्यावर 1914.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपुलाजवळच्या टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “चाचा, अजून एक पावसाळा जाईल की.”

आम्ही म्हटलं, “काढ.”